पुढचा दादा

१

रविवारची जेवणं उरकली, की कप्तान कानांवर हेडफोन चढवायचा आणि त्याची बायको बाहेरून खोलीचं दार ओढून घ्यायची. आतून पुढचे काही तास जे शब्द बाहेर पडत, ते शेजाऱ्यांच्या कानी जाऊ नयेत, एवढीच तिची इच्छा असे.

आठवडाभर हा माणूस दातांच्या कवळ्या बनवायचा. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे. त्यात प्लास्टर ओतायचं, मेणात एकेक दात बसवायचा, शिजवायचं, घासायचं, चाकावर चकाकी आणायची. हात असा, की त्याची कवळी दुरुस्तीला म्हणून परत आली नाही. दुसऱ्यांची तोंडं नीट मिटावीत म्हणून मान मोडून काम करणाऱ्या या गृहस्थाला स्वतःचं तोंड काही मिटता येत नाही, असं बायको म्हणायची, आणि त्याच्या तोंडावर म्हणायची. राग नुसता नाकावर असता तर परवडलं असतं. त्याचा राग त्याच्या चार पावलं पुढे चालायचा.

कप्तान हे त्याचं खेळातलं नाव. इंटरनेटवर हजारो माणसं एकदम खेळतात ते हे खेळ. आपला एक माणूस बनवायचा, त्याला नाव द्यायचं, हत्यार द्यायचं, टोळी जमवायची आणि डोंगर-किल्ले पालथे घालायचे. तो असे बरेच खेळ खेळून बसला होता, पण जीव होता तो किल्ल्यांच्या खेळावर. टोळीत चौघं. भूमितीचे निवृत्त मास्तर, आपल्या चष्म्यांच्या दुकानात गिऱ्हाईक नसताना खेळणारा एक चष्मेवाला, कप्तान आणि बारकी.

बारकी त्याची सख्खी धाकटी बहीण. तिने दुसऱ्या शहरात नोकरी धरली, एकटीने घर घेतलं, तेव्हा हा म्हणाला होता, जातेस तर जा, तुझ्या घराची पायरी मी चढणार नाही. आणि शब्दाचा पक्का, चढला नाही. तीही त्याचीच बहीण, तिनेही बोलावलं नाही. पुढे एका रविवारी किल्ल्यांच्या खेळात कुणी अनोळखी बाई त्याच्या मागे मागे येऊ लागली. तो वैतागून हाकलणार, तेवढ्यात तिने लिहिलं, "दादा, हळू चाल ना." लहानपणी शाळेच्या वाटेवर ती रोज हेच म्हणायची. टाकीवरून पडल्यापासून त्याचा डावा पाय आखूड, डाव्या बुटाचा तळ जाड, चालताना टप्-घस् टप्-घस् असा आवाज व्हायचा, आणि तरी तो तिच्यासाठी कधी थांबायचा नाही. त्या दिवशीही त्याने ओळख दाखवली नाही. पण पुढच्या रविवारी ती येईपर्यंत त्याने खेळ सुरू केला नाही. बहीण-भावात उरलं होतं ते एवढंच, रविवारच्या दुपारी खेळ खेळता खेळता चाललेली बाचाबाची.

टोळीचा एक रिवाज होता. कुणाला उठावं लागलं, की त्याने आपल्या माणसाला पुढच्याच्या मागे लावून द्यायचं. खेळात तशी सोय असते. नावावर टिचकी मारायची, 'याच्या मागे चला' निवडायचं, आणि मग तुम्ही चहा करा नाहीतर झोपा काढा, तुमचा माणूस त्याच्या मागून ठराविक अंतर राखून चालत राहतो. याला ते शेपूट लावणं म्हणत. सगळ्यांची शेपटं शेवटी कप्तानला लागलेली असत. कप्तानने मात्र जन्मात कुणाला शेपूट लावलं नव्हतं. दुसऱ्याच्या मागून चालणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

त्या रविवारी बायकोने पडद्याचा दांडा धरायला हाक मारली. कप्तानने सर्वांना थांबायला सांगितलं, आपला माणूस किल्ल्याच्या दारात उभा केला आणि चरफडत उठला. स्क्रू काही लवकर बसेना. परत येऊन हेडफोन चढवले, तर बारकी हसत होती.

"आज काय झालंय तुला? एवढं चाललास, पण एका शब्दाने ओरडला नाहीस."

त्याने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. त्याचा माणूस किल्ल्याच्या दारात नव्हता. तो एका बोळासारख्या वाटेत उभा होता आणि मागे ठराविक अंतरावर तिघं उभे होते. खाली करड्या फरश्या होत्या. भिंतीवर विजेच्या मीटरच्या पेट्या होत्या. पुढे जिन्याच्या वळणावर एक खिडकी, आणि तिच्या फुटक्या काचेच्या जागी पुठ्ठा लावलेला. हा ढाल-तलवारीचा खेळ. त्यात विजेचे मीटर कुठून येणार?

कप्तानला मीटरचं नवल वाटायला वेळ नव्हता. त्याच्या माणसाला दुसऱ्या कुणीतरी हात लावला होता, आणि तेवढ्याने त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

२

पहिलं खापर चष्मेवाल्यावर फुटलं. तो बिचारा शपथा घेत राहिला, की माझ्या दुकानात तेव्हा गिऱ्हाईक बसलं होतं, मी शेपूट लावून उठलो होतो, मला तुमचा पासवर्ड काय माहीत. मास्तर म्हणाले, की ते परत आले तेव्हा कप्तान चालत होता, म्हणून त्यांना वाटलं कप्तान बसलाय. बारकीला कप्तानने काही विचारलं नाही. तिच्यावर संशय घ्यायचा झाला तर आधी तिच्याशी नीट बोलावं लागलं असतं.

त्याने खेळवाल्या कंपनीला खरमरीत तक्रार लिहिली. उत्तर आलं, की आपल्या खात्यात आपल्याखेरीज कुणी आलेलं दिसत नाही, आणि आपण वर्णन केलेली जागा आमच्या खेळात नाही. हे दुसरं वाक्य वाचून तो अधिकच भडकला. म्हणजे आपण खोटं बोलतो की काय? त्याने पासवर्ड बदलला. मग तो तोच किल्ला परत शोधायला निघाला, पण बोळ काही सापडला नाही. किल्ल्याचं दार होतं, आत नेहमीचं भुयार होतं, नेहमीचे राक्षस होते.

कारखान्यात त्या आठवड्यात त्याने दोन चांगल्या कवळ्या नुसत्या हातातल्या रागाने तोडल्या. बायकोला समजलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, चोरी झाली म्हणता, पण गेलं काय? तुमचा माणूस कुणीतरी चालवला, तोही न ओरडता. मी तर म्हणते, त्याला घरी बोलवा."

ती हसली, हा हसला नाही. रविवारी त्याने टोळीला जाहीर केलं, की हा खेळ चोरांचा आहे, आपण सोडतोय.

३

दुसरा खेळ आकाशातल्या जहाजांचा. एका ग्रहावरून माल उचलायचा, दुसऱ्यावर टाकायचा, वाटेत लुटारूंशी मारामारी. इथे नवं खातं, नवा पासवर्ड, फक्त नाव तेच, कारण ते नाव बदलणं म्हणजे पळून जाणं झालं असतं. बरेच रविवार ठीक गेले. कप्तानने मनातल्या मनात आपली पाठ थोपटून घेतली आणि मास्तरांना उगाच दोनदा झापलं.

मग एका दुपारी दवाखान्यातून फोन आला. कुणाच्या तरी जेवणाचा खोळंबा झाला होता, कवळी टोचत होती. कप्तानची कवळी टोचूच शकत नाही, हे डॉक्टरला पटवायला तो गॅलरीत गेला. चांगला वाद घालून, डॉक्टरला गप्प करून, खुशीत परत आला.

जहाज एका निकामी, अंधाऱ्या थांब्याला टेकलं होतं. माणसं आत उतरली होती. करड्या फरश्या, मीटरच्या पेट्या, पुठ्ठ्याची खिडकी. या वेळी ती खिडकी खाली राहिली होती. कप्तानचा माणूस तिच्या वरच्या मजल्यावर उभा होता.

"दादा," बारकी हळू आवाजात म्हणाली, "वळणावर तू थांबलास माझ्यासाठी."

"मी?"

"मी मागे राहिले होते. तू वळून बघितलंस आणि थांबलास."

तिचा आवाज भरून आला होता. असा आवाज त्याने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता, आणि तो त्याच्यासाठी नव्हताच. कुणा हरामखोराने त्याच्या नावाने तिला थांबून दाखवलं होतं आणि ती विरघळली होती. त्याचा तिळपापड झाला. तो ओरडला, की मी इथे नव्हतो, मी गॅलरीत होतो, तुम्हाला माझी चाल आणि चोराची चाल कळत नाही का.

तेव्हा मास्तर खाकरले. त्यांना बराच वेळ काहीतरी सांगायचं होतं असं दिसलं.

"कप्तान, रागावू नका. चालीचंच म्हणाल तर, तुमचा माणूस डावा पाय ओढत चालत होता. मला वाटलं तुम्ही मुद्दाम तसं काही करून घेतलंत."

या खेळात सगळी माणसं एकसारखी चालत. पाय ओढायची सोय कुठल्याच खेळात नव्हती. आणि मास्तरांनी किंवा चष्मेवाल्याने कप्तानला प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं.

कप्तानने हेडफोन टेबलावर आपटले. बायको दार किलकिलं करून बघून गेली.

४

आता त्याला चोर हवा होता. तिसरा खेळ त्याने मुद्दाम साधा निवडला, एक खेडं, शेतं, विहीर, गाईगुरं. मारामारी नाही, किल्ले नाहीत, चढायला कुठे जिना नाही. माणसांचे चेहरे म्हणजे रंगाचे ठिपके, त्यात नाक-डोळे ओळखू येऊ नयेत असे. चष्मेवाला म्हणाला, कप्तानसाहेब, इथे आपण करायचं काय? कप्तान म्हणाला, तुम्ही गाजरं लावा.

बेत असा. भर दुपारी, लख्ख उजेडात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं की मी उठतोय. मग खोलीबाहेर जायचं आणि दाराच्या फटीतून आपल्याच पडद्यावर नजर ठेवायची. माणूस हलला रे हलला, की धावत जाऊन चोराला रंगेहाथ धरायचं. पडद्यातल्या चोराला रंगेहाथ कसं धरतात, याचा विचार त्याने केला नव्हता. रागात असल्यावर असे विचार सुचत नाहीत.

तो उठला. फटीतून बघत उभा राहिला. खिडकीतून ऊन आलं होतं, पंखा फिरत होता, आणि पडद्यावर कप्तान गाजरांच्या वाफ्यात उभा होता. मागे तिघं. काही हललं नाही. स्वयंपाकघरात बायकोने नळ सोडला, बंद केला. काही हललं नाही. त्याचा आखूड पाय भरून आला. मग त्याने एकदाच, फक्त पायाचा भार बदलायला, खाली पाहिलं. वर पाहिलं तेव्हा वाफ्यात कप्तान होता आणि मागे कुणी नव्हतं.

टेबलावर ठेवलेल्या हेडफोनमधून बारकीचं बारीक हसू येत होतं.

तो धावला, टप्-घस् करत. हेडफोन चढवले.

"कुठे गेलात तुम्ही सगळे?"

"कुठे म्हणजे? तुझ्या मागे."

"मी वाफ्यात उभा आहे. एकटा."

मग चष्मेवाला म्हणाला, आणि त्याचा आवाज नेहमीसारखा खेळकर नव्हता, "कप्तानसाहेब, तुम्ही आमच्या समोर उभे आहात. जिन्यात. डोक्यावर तुमचं नाव आहे. आणि तुम्ही बोलताय ते दुसरीकडून ऐकू येतंय."

मास्तर म्हणाले, "मी शेपूट काढतोय. सगळ्यांनी काढा." त्यांचं नाव पडद्यावरच्या टोळीच्या यादीतून गेलं. पाठोपाठ चष्मेवाल्याचं गेलं.

बारकी गेली नाही. ती शांतपणे म्हणाली, "दादा, मी मघापासून विचार करतेय. आमच्या इमारतीचा जिना अगदी असाच आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीला पुठ्ठा मीच लावलाय. तू येऊन गेलास का रे कधी, न सांगता?"

त्या क्षणी त्याने जरा डोकं चालवलं असतं, तर पुढचं टळलं असतं की नाही, कोण जाणे. पण त्याच्या कानात एकच गोष्ट शिरली. ही आपल्याला डिवचतेय. इतकी वर्षं पायरी चढला नाहीस ना, मग बघ, तुझ्या नावाने दुसरा चढतोय, असं म्हणतेय. तिघांनी मिळून आपला पोपट केलाय, आणि ही त्यांची म्होरकी. त्याने तिला नाही नाही ते ऐकवलं. नोकरी काढली, घर काढलं, लहानपण काढलं. पुन्हा माझ्या मागे येऊ नकोस, म्हणाला. मी तुझा कुणी नाही, म्हणाला.

"बरं," बारकी म्हणाली.

त्याने कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली आणि त्यावर जुनी चादर टाकली.

५

पुढचे रविवार घरात फार वाईट गेले. खेळायला नसलं की याच्या रागाला बाहेर जायला वाट नसे, तो घरातच फिरायचा. डाळ-भाताच्या ताटापासून कुलपाच्या किल्लीपर्यंत कुणाचीही धडगत नव्हती. चादरीखाली कॉम्प्युटर तसाच पडून होता.

मग एका दुपारी मास्तरांचा कारखान्यात फोन आला. त्यांनी आधी तब्येत विचारली, मग घुटमळले, मग म्हणाले, की मी सहज खेळात डोकावलो. तुमची बहीण अजून शेपूट लावून आहे. मी म्हटलं काढ, ती म्हणाली काढते. पण ती काढत नाहीये, की ते निघत नाहीये, ते मला समजेना.

"कुणाला लावलंय?" कप्तानने गुरकावून विचारलं.

"तुम्हालाच," मास्तर म्हणाले.

त्याने फोन ठेवला आणि हातातल्या ठशात प्लास्टर ओतलं. ते नीट ढवळलेलं नव्हतं, गुठळ्या पडल्या. तो शिव्या देत दुसरं कालवायला लागला, तेवढ्यात बायकोचा फोन. ती नणंदेशी अधूनमधून बोलायची, याच्या नकळत, आणि आज तिचा आवाज चोरटा नव्हता, जाब विचारणारा होता.

"अहो, एवढं भांडून परत खेळायला लागलात, चांगलंच केलंत. पण मला सांगायला काय झालं होतं? बारकी म्हणते, दादा रोज दुपारी येतो. कामावरून खेळता का तुम्ही?"

कप्तानने आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे होते. रोज दुपारी ते असेच असत.

त्याने हात न धुताच बारकीला फोन लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिने लगेच उचलला.

"बारके, कुठे आहेस?"

"घरी. खेळतेय." आवाज असा, की झोपलेलं मूल जागं होईल म्हणून कुणी दबकून बोलावं. "तू एकीकडे चालतोस आणि एकीकडे फोन करतोस, कमाल आहे हं."

"तो मी नाही. बंद कर ते. वायर काढ."

"आता शेवटचा जिना राहिलाय, दादा. मग आमचाच मजला."

"बंद कर म्हणतो ना!"

तो ओरडला. कारखान्यातलं पॉलिशचं चाक कुणीतरी थांबवलं. तो आणखी ओरडला, तिला मूर्ख म्हणाला, हट्टी म्हणाला, लहानपणापासून एक शब्द ऐकला नाहीस म्हणाला. त्याला दुसरं काही येतच नव्हतं. भीती वाटली तरी ती त्याच्या तोंडातून शिव्या होऊनच बाहेर पडायची. बारकीने सगळं ऐकून घेतलं.

"ओरडू नकोस," ती म्हणाली. "पुढचा दादा ओरडत नाही."

त्याच्या तोंडातलं पुढचं वाक्य तिथेच राहिलं. आणि तो गप्प झाला म्हणूनच त्याला फोनमधून ते ऐकू आलं. आधी लांबून, मग जवळ. दगडी पायऱ्यांवर कुणीतरी चढत होतं. टप्. घस्. टप्. घस्. ते खेळातलं नव्हतं. खेळातल्या आवाजाला असा जिन्याचा घुमारा नसतो.

"आलास वाटतं," बारकी म्हणाली. खुर्ची मागे सरकली. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. कडी निघाली. दाराबाहेर ती काहीतरी बोलली, ते हसून बोलली, आणि उत्तर आलं नाही. मग तिच्या चपला वाजू लागल्या, आणि त्यांच्यापुढे, ठराविक अंतर राखून, त्याची स्वतःची चाल. दोन्ही आवाज लांब लांब गेले.

६

फोन त्याने बंद केला नाही. तो तसाच खिशात टाकून, कारखान्याच्या फोनवरून बायकोला पत्ता विचारून, प्लास्टरच्या हातांनी गाडी हाकत तो तिच्या शहरात पोचला. वाटेत जो आडवा आला त्याला त्याने शिव्या घातल्या. इमारतीपाशी एका म्हाताऱ्याला नाव सांगितलं. तो म्हणाला, सगळ्यात वरचं घर, पण तुम्ही तर मघाशीच वर गेलात. कप्तानने त्याला बाजूला ढकललं.

आणि मग त्याने ती पायरी चढली.

करड्या फरश्या. मीटरच्या पेट्या. वळणावरची खिडकी, आणि तिला लावलेला पुठ्ठा, एका कोपऱ्यात चिकटपट्टी सुटलेला. त्याला कुठे वळायचं हे कुणी सांगावं लागलं नाही. आपल्या बुटाचा आवाज त्या जिन्यात घुमतो कसा, हेही त्याला ठाऊक होतं. वर तिचं दार उघडं होतं. दारापुढे दोन पावलांवर मजला संपत होता, तिथे पांढरी भिंत होती, तिला टेकवून एक झाडू ठेवला होता. पलीकडे जायला वाट नव्हती.

आत खुर्ची मागे सरकलेली होती. चहावर साय धरली होती. टेबलावर तिचा फोन पडला होता आणि त्यातून कुणीतरी धापा टाकत होतं. ती धाप आपलीच आहे हे कळायला त्याला वेळ लागला. खिशातला फोन अजून चालूच होता.

कॉम्प्युटरही चालू होता. गाजरांच्या खेळाचं नाव कोपऱ्यात होतं, पण पडद्यावर हाच मजला होता, याच दारातून दिसावा तसा. फक्त तिथे भिंत नव्हती. फरश्या पुढे जात होत्या, दारं पुढे जात होती. खूप आत एक लहानशी पाठमोरी बाई चालत होती, डोक्यावर बारकीचं नाव. तिच्या पुढे ठराविक अंतरावर एक जण पाय ओढत चालला होता.

कप्तानने तिचं शेपूट काढायला टिचकी मारली. ती चालत राहिली. तो बटणं बडवत राहिला, ओरडत राहिला, त्या पुढच्याला आईमाईवरून शिव्या देत राहिला. पुढे एक वळण आलं. तिथे पुढचा थांबला. बारकी मागे राहिली होती, तिच्यासाठी थांबला, आणि ती येतेय ना हे बघायला त्याने अर्धवट मान वळवली.

त्या खेळात चेहरे नुसते ठिपके असतात. पण कप्तानने आयुष्यभर जबडे पाहिले होते, आणि हा जबडा त्याने डोळे मिटूनही ओळखला असता. खालचा ओठ, हनुवटीवरची खाच, सगळं त्याचं होतं. फक्त तोंड मिटलेलं होतं. इतकं सहज, इतकं नीट मिटलेलं, की त्याला स्वतःच्या बोटांनी आपलं तोंड चाचपून पाहावं लागलं. ते उघडं होतं.

राग गेला नाही. राग त्या पुढच्याचा होताच. पण त्याहून जास्त, शाळेच्या वाटेवर एकदाही न थांबलेल्या पोराचा होता, आणि त्याला कानफटात मारायला आता हात पुरत नव्हता.

वळणाच्या पलीकडे गेल्यावर ती दिसणार नव्हती.

त्याने तिचा खेळ बंद केला नाही. पडद्यावरच बाजूला खेळाची दुसरी खिडकी उघडली, आपलं नाव घातलं, पासवर्ड घातला. त्याचा माणूस वाफ्यात आला नाही. तो मजल्याच्या पहिल्या फरशीवर आला, सगळ्यांच्या मागे. लांब वळणापाशी बारकीचं नाव अजून अर्धं दिसत होतं. त्यावर त्याने प्लास्टर वाळलेल्या बोटाने टिचकी मारली. 'याच्या मागे चला', पडद्यावर आलं. जन्मात कुणाच्या मागून न चाललेल्या माणसाने ते निवडलं.

मग तो बटणांवरून हात काढून उठला आणि दाराबाहेर आला. झाडू खाली पडलेला होता. तो ज्या भिंतीला टेकवला होता ती आता नव्हती, तिथून गार वारा येत होता.

"बारके," तो म्हणाला. त्याने ओरडायला तोंड उघडलं होतं, पण आवाज लहान निघाला. "हळू चाल ना."

आत, फार आत, चपलांचा आवाज थांबला.

टप्-घस् मात्र चालूच होतं. ते तिच्या पुढून येतंय की आपल्याच पायाखालून, हे त्याला सांगता आलं नसतं. तो चालत होता.